गणपतीला घरी याल तेव्हा आईकडे नीट बघा

मा. संपादक,

गणपतीत आमच्या देवगड तालुक्यात एक वाक्य घरोघरी ऐकू येतं, "आजीला सगळ्या आरत्या पाठ, मेमरी बघा कशी शार्प!" आणि मला दरवेळी काळजी वाटते. कारण अल्झायमर या विसरायला लावणाऱ्या मेंदूच्या आजारात जुनं पाठांतर बराच काळ टिकतं, आधी जातं ते ताजं. मंत्रपुष्पांजलीपर्यंत खणखणीत म्हणणारी आजी दहा मिनिटांनी परत विचारते, नैवेद्य दाखवला काय? तिकडे लक्ष द्या.

आमच्या वाडीतल्या एक काकू, बांगड्याचं तिकलं त्यांच्यासारखं कोणाला जमायचं नाही, आता तिरफळं टाकायची राहतात नि सोलं दोनदा पडतात, नारळाचे पैसे मिळाले की नाही यावरून रोज भांडण. मुंबईत मुलाला यातलं काय कळणार, फोनवर "मी बरी आसंय, तुमी जेवलास काय" एवढं बोलायला काहीच अडत नाही ना. गावातले म्हणतात साठी बुद्धी नाठी, नाहीतर बाहेरची बाधा. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला पण डॉक्टरलाही दाखवा!

आणि दरवेळी अल्झायमरच निघतो असं अजिबात नाही. बी१२ जीवनसत्त्व कमी, थायरॉइड, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, पडून डोक्यात हळूहळू साठलेलं रक्त, यानेही विसरायला होतं आणि वेळेत कळलं तर यातलं बरंच सुधारतं. अल्झायमर निघाला तर तो पूर्ण बरा होत नाही हे खरंय, पण गोळ्यांनी काही जणांना काही काळ फरक पडतो आणि मुख्य म्हणजे लवकर कळलं तर सामाईक सातबारा, बँक, पुढे कोणाकडे राहायचं हे त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने सांगता येतं. नंतर त्याच्या वतीने बाकीचेच भांडत बसतात.

आशाताई आरोग्याचा जो फॉर्म भरतात त्यात साठीपुढच्यांना एक प्रश्न आहे, जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का. प्रश्न आहे हे चांगलंच, पण जन्मभर एकाच वाडीत राहिलेला माणूस पत्ता विसरेपर्यंत आजार कितीतरी पुढे गेलेला असतो. त्यापेक्षा तीन शब्द सांगायचे, कागदावर अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला लावायचं, मग ते तीन शब्द परत विचारायचे, तीनेक मिनिटांचं काम. यावरून निदान होत नाही, पुढे तपासायला हवं का एवढं कळतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत.

बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला म्हातारी माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात येतातच, तेव्हाच हे करून घ्यावं अशी जिल्हा परिषदेला कळकळीची विनंती. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, काही वर्षी तो गणपतीतच येतो, तेव्हा चाकरमानी गावातच असतात, सुरुवात तेव्हा करता येईल.

– एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग