आधी ओहम बघा, मग वॅट

महोदय,

छोट्या कार्यक्रमात स्पीकर जळला की 'ॲम्प्लिफायर फार ताकदीचा होता' असे म्हणून पुढच्या वेळी आणखी लहान ॲम्प्लिफायर आणला जातो. मग तो पूर्ण पिळला जातो आणि स्पीकर पुन्हा जळतो.

ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी जमवताना पहिला प्रश्न वॅटचा नसून ओहमचा, म्हणजे विद्युतरोधाचा असतो. ८ ओहमच्या दोन पेट्या (स्पीकर) ॲम्प्लिफायरच्या एका चॅनेलवर समांतर जोडल्या की ॲम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, चार जोडल्या की २. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर 'किमान ४ ओहम' छापलेले असताना तिसरी पेटी लावली, की ॲम्प्लिफायर तापत जातो आणि कार्यक्रम ऐन रंगात आला असताना प्रोटेक्शनमध्ये (स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद) जाऊन गप्प बसतो. ब्रिज मोडमध्ये (दोन्ही चॅनेल मिळून एकच पेटी चालवताना) ४ ओहमची पेटी प्रत्येक चॅनेलला २ ओहमची भासते, हे तर अनेकांच्या गावीही नसते. पेटीवरचा छाप पुसला असेल तर मल्टिमीटर लावावा. ८ ओहमची पेटी सहा-सात ओहम दाखवते. ती बिघडलेली नसते.

भोंग्यांच्या ॲम्प्लिफायरवर ४, ८, १६ ओहमच्या शेजारीच १०० व्होल्टचे टर्मिनल असते. ते लाइन ट्रान्सफॉर्मर (हे जादा व्होल्टेज उतरवणारा भाग) बसवलेल्या स्पीकरसाठी आहे. साधी ८ ओहमची पेटी तिथे लावली तर पूर्ण व्होल्टेजला हिशेब १,२५० वॅटचा होतो. मग पेटी जाते नाहीतर ॲम्प्लिफायर.

आता वॅट. २०० वॅट आरएमएसची (सतत पेलता येणारी शक्ती) पेटी प्रोग्रॅम (चढउतार असलेल्या संगीतासाठी) ४०० आणि पीक (क्षणभरासाठी) ८०० अशीही लिहिता येते. जाहिरातीत अर्थातच ८०० झळकतात. (पीएमपीओ हा जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा वाचूच नये.) अशा पेटीला, तिच्याच ओहमवर ३०० ते ४०० वॅट देणारा ॲम्प्लिफायर योग्य. तालवाद्याची थाप सरासरी आवाजाच्या कितीतरी पट ताकद क्षणभर मागते; ती देता आली नाही की लहरीची टोके कापली जातात (क्लिपिंग). आवाज चिरका होतो, सरासरी शक्ती वाढते आणि वरच्या पट्टीत नको ती भर पडते. त्यात आधी ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जातो. थापेसरशी लाल क्लिप दिवा एखाद्या वेळी लुकलुकला तर चालते, पण तो पेटूनच राहिला तर मिक्सरचा मास्टर लगेच खाली घ्यावा. मोठा ॲम्प्लिफायरही बेफिकिरीने चालवला तर पेटी जाळतोच. माइकची लांबलेली शिट्टी किंवा हातातून पडलेला माइक तेवढ्याला पुरतो, म्हणून लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) चालू असावा.

आवाज किती मिळेल हे मात्र पेटीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर मिळणारा आवाज, ठरवते. ९६ डेसिबलची पेटी (१ वॅट, १ मीटर) २०० वॅटला एका मीटरवर सुमारे ११९ डेसिबल देते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणजे आठ मीटरवर १०१. थापेसारख्या क्षणिक शिखरांसाठी १० राखून ठेवले तर सरासरी ९१ उरतात. छोट्या मैफलीला एवढे भरपूर झाले. हीच पेटी ९० डेसिबलची असती, तर तेवढ्याच आवाजाला चौपट वॅट लागले असते. वॅट दुप्पट करून केवळ ३ डेसिबलच वाढतात, हे ध्यानात घेतले तर बराच खर्च वाचेल.

केबलकडे कोणी बघत नाही. ०.७५ चौरस मिलिमीटरची दहा मीटर तार, जाऊन-येऊन वीस मीटर, सुमारे ०.४६ ओहम भरते. ४ ओहमच्या पेटीपर्यंत पोहोचणाऱ्या शक्तीतले जवळपास २० टक्के त्यात कमी होतात. २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरावी. जोडणीत लाल-काळे उलटे झाले तर दोन पेट्यांच्या मधोमध बसलेल्यांना बास हरवल्यासारखा वाटतो. चालू करताना मिक्सर आधी आणि ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना ॲम्प्लिफायर आधी.

विक्रेत्यांनी आणि भाड्याने सामान देणाऱ्यांनी जाहिरातीत व पावतीवर आरएमएस वॅट, ओहम आणि सेन्सिटिव्हिटी हे तीन आकडे लिहावेत. ते पेटीच्या माहितीपत्रकात असतातच, त्यामुळे उतरवून घ्यायला मिनिटभरही लागणार नाही.

– एक ध्वनितंत्रज्ञ