शांतीचं आश्वासन न दिल्याबद्दल आभार

सजगतेचे धडे देणाऱ्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

ताण वाढला की माणसं ध्यानाकडे वळतात ती बहुतेक 'डोकं शांत करायला'. तुम्ही पहिल्याच तासाला सांगून टाकलंत, की डोकं शांत होईलच असं नाही. त्यात काय चाललंय ते मात्र कळेल. निम्मा वर्ग हिरमुसला. आज आम्ही काही जण स्वतः वर्ग घेतो, म्हणून त्या वाक्याची किंमत जास्त कळते. शांत व्हायचंच असं ठरवून बसलेला माणूस दर मिनिटाला 'झालो का शांत?' हे तपासत राहतो, आणि त्या तपासणीचाच नवा ताण होतो.

पहिले आभार खुर्चीबद्दल. मांडी घालूनच बसा, असा हट्ट तुम्ही धरला नाहीत. पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, पाठ खुर्चीपासून जरा सुटी, हात मांडीवर. खाली बसणाऱ्यांना बुडाखाली चादरीची ३-४ इंचांची घडी, गुडघे कमरेच्या खाली येतील एवढी. घडी नसली की कंबर मागे गोल होते, थोड्याच वेळात पाठ बोलायला लागते आणि उरलेली १० मिनिटं घड्याळाकडे डोळे लावण्यात जातात.

मग श्वास. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, आणि तुम्हीही इथेच सगळ्यात जास्त वेळ दिलात. नाकपुडी, छाती, पोट यांतली एकच जागा निवडायची, त्या बैठकीपुरती बदलायची नाही. श्वास घ्यायचा नाही, येतो तो बघायचा. पण बघायला गेलं की आपसूक चालणारा श्वास आपण ओढायला लागतो. ताणाखालचा माणूस तर जोरजोरात ओढतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि 'मला काहीतरी होतंय' म्हणून घाबरगुंडी उडते. तुमचा उपाय साधा होता: श्वासाचा नाद सोडा, तळपायांकडे जा. टाच कुठे टेकली आहे, अंगठ्याखाली गार आहे की गरम, एवढंच बघा. श्वास आपोआप आपल्या चालीवर येतो.

मोजण्याचंही तसंच. दर उच्छ्वासाला एक आकडा, १ ते १०, पुन्हा १. 'मोजता मोजता २३ वर पोचलात तर हसा आणि १ वर या,' असं तुम्ही म्हणायचात. मन भरकटलं हे कळलं तो क्षण चुकीचा नव्हे, भानावर येण्याचा. व्यायाम तोच आहे. १० मिनिटांत ४० वेळा भरकटलात आणि ४० वेळा परत आलात, तर बैठक उत्तम झाली. भरकटलेल्या विचाराला नाव द्यायचं तेही एका शब्दाचं: 'बेत', 'काळजी', 'भांडण'. अख्खं वाक्य झालं की समजावं, आपण त्या विचारातच परत बसलो.

बेदाण्याचा तास कोण विसरेल! जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या, सजगतेतून ताण हलका करायच्या ८ आठवड्यांच्या कार्यक्रमातला हा व्यायाम. एक बेदाणा तळहातावर. आधी त्याच्या सुरकुत्या बघायच्या, देठाच्या जागेचा बारीक खळगा शोधायचा, बोटांत फिरवताना येणारा चिकटपणा, मग वास. ओठांशी नेला की जिभेला लागायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं. बेदाणा अजून बाहेर आणि शरीर कामाला लागलेलं! कटू आठवणीने छाती कशी धडधडते, हे त्यानंतर वेगळं समजावावं लागत नाही.

ऐन गर्दीच्या दिवशी मात्र ४५ मिनिटं झोपून शरीराचा एकेक भाग न्याहाळणं कुणाला जमतं? तिथे तुमची ३ मिनिटं उपयोगी पडतात. पहिलं मिनिट: आत्ता मनात, भावनेत, अंगात काय आहे ते फक्त नोंदवा. दुसरं: श्वास. तिसरं: लक्ष रुंद करून सगळं शरीर. बरेच जण पहिलं मिनिट गाळून थेट श्वासाला धरतात. ती पळवाट होते, आणि मागे सोडलेला राग तिसऱ्या मिनिटाला दारात उभाच असतो.

आणखी एका गोष्टीचे आभार, जी पुष्कळ ठिकाणी सांगतच नाहीत. डोळे मिटल्यावर कुणाला जुना आघात अंगावर येतो, भीती वाढत जाते. तुम्ही सांगितलंत: डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तू मोजा, उठून चाला. नेटाने बसून राहायचं नाही. असं वारंवार झालं तर डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, आणि चालू गोळ्या ध्यान जमलं म्हणून बंद करू नका. झोप येणाऱ्यांना डोळे अर्धे उघडे, नजर ३-४ फुटांवर जमिनीवर. जेवल्या जेवल्या बसायचं नाही. झोप अपुरी असेल तर सरळ झोपा, हेही तुम्हीच सांगितलंत.

बेदाण्यांची पुडी आता आम्ही आणतो. पहिल्या तासाला कुणीतरी दोन उचलून तोंडात टाकतंच.

तुमचे,
आता वर्ग घेणारे काही विद्यार्थी