आई-बाबा, दिवाळीला नाही, डिसेंबरात येतेय

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई लगेच "बरं बरं, तुझ्या सोयीनं ये" म्हणते आणि मग दोन दिवस हिचं जेवणात लक्ष नसतं, वहिनी सांगते मला सगळं. म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय दोघांना एका जागी बसवून वाचून दाखव.

तर तिकीट २ डिसेंबरचं काढलंय. दिवाळीचं नाही. रिटायर झाल्यावर पहिली दिवाळी घरी हे मीच म्हणाले होते, विसरले नाही, आणि आई, तू यंदा भाजणी जास्तीची करणार होतीस तेही माहितीय. पण येतेय ती मार्चअखेरपर्यंत राहायला येतेय, चार महिने, दरवेळसारखं पंधरा दिवसांत पाहुण्यांकडं पळापळ करून परत नाही. तुझ्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी असणार, ड्रॉप्स मीच घालणार, मागच्या वेळी दादाच्या हातून अर्धे गालावर सांडायचे. भाजणी डब्यात घालून ठेव, डिसेंबरात चकल्या करू, कोण विचारतंय.

कारण खरं तेच सांगते. मी परत डिटेक्टिंग सुरू केलंय, मशीन फिरवून जमिनीतलं धातूचं जुनं काही शोधायचं. तेच, जे मी पोरं लहान असताना थोडे दिवस करायचे आणि बाबा म्हणायचे दुसऱ्याचं रान काय झाडालीस. मग नाइट ड्युट्या, शाळा, ह्यांची बदली, ते मशीन गॅरेजात गेलं ते वीस वर्षं तिथंच गंजलं. आता वॉर्डातल्या मुलींनी निरोपाला वर्गणी काढून नवीन दिलंय, सव्वा किलोचं फक्त, हात दुखत नाही. आणि इथं इंग्लंडात शेतात कधीही जाता येत नाही, गहू ऑगस्टात निघतो, पुढची पेरणी झाली की शेत बंद, मग नोव्हेंबरात बीट निघालं की परत थोडे दिवस. (इथं साखर बीटाचीपण करतात, बाबांना सांगितलेलं मागं.) शेतकऱ्यानं यंदा पहिल्यांदाच मोठ्या तुकड्याची परवानगी दिलीय, लेखी. हा सीझन सोडला तर थेट पुढच्या वर्षी, आणि माझे गुडघे पुढच्या वर्षी काय म्हणतील कोण जाणे. डॉक्टरनंच रोज चालायला सांगितलंय. नुसतं रस्त्यानं चालायला कंटाळा येतो, पण मशीन हातात असलं की तीन तास कसे जातात कळत नाही. तीस वर्षं वॉर्डात कुठल्या बीपला पळायचं आणि कुठल्याला नाही हेच ऐकत जगले, रिकाम्या घरात कान नुसते बसवेनात. आता शेतात मशीन वाजलं की वाकायचं, बास, कुणाचा जीव टांगलेला नसतो.

आई, तुझं म्हणणं मला माहितीय, पुरलेल्या धनाला राखणदार असतो, आपण हात लावू नये. मी लपवून काही ठेवत नाही गं. तीनशे वर्षांपूर्वीची सोन्याचांदीची दोन नाणी जरी एकत्र सापडली तरी चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे इथल्या चौकशी अधिकाऱ्याला, कळवायचं असा इथला १९९६ चा कायदा आहे, बाकी किरकोळ सापडतं तेपण मी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला नेऊन दाखवते, ते नोंद करतात, कुठल्या शेतात कुठं ते सगळं. आमच्याच सफोकमध्ये १९९२ ला एरिक लॉज म्हणून एक रिटायर माणूस, त्यालाही मशीन रिटायरमेंटलाच मिळालेलं, तो शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेला आणि रोमन काळातली चौदा हजारांवर नाणी निघाली. त्यानं सगळं उकरलं नाही, थोडं वर आल्याबरोबर थांबला आणि कळवलं. तो हातोडासुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तसं वागलं तर कुठला राखणदार रागवेल? आणि सापांचं म्हणशील तर इथं विषारी असा एकच, तो मला आजवर दिसलेला नाही, पायात गमबूट असतात.

बाबा, परवा काय सापडलं सांगते. गव्हाचे बुडखे टोचत होते, एका जागी बारीक पण उंच आवाज आला, दोन्ही बाजूंनी मशीन फिरवलं तरी तोच. एक कुदळभर माती उचलली, ढेकूळ हातात फोडलं, तर मधे अर्धी चकती, नखाएवढी पातळ, एक कड गोल आणि एक सरळ. मला वाटलं नांगरानं तुटलं. अधिकारी बाई म्हणाल्या तुटलेलं नाही, कापलेलं आहे, मुद्दाम. चांदीची पेनी, इथल्या तिसऱ्या हेन्री राजाच्या काळची, १२४७ नंतरची, मागं क्रॉस अगदी काठापर्यंत, त्याच्या कोपऱ्यात तीन-तीन ठिपके. सुट्टे नसायचे म्हणून क्रॉसच्या रेघेवर कापून अर्धी पेनी करायचे. त्या चांदीवर कातरीचा दाब अजून दिसतो बाबा. मला एकदम तुमचे आठ आणे आठवले. शिवाजी पुलाखाली मी घोट्याएवढ्या पाण्यात, तुम्ही जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून दिलेलं, आणि मी रडत होते की पाच पैसे समोर दिसतायत तरी चिकटत नाहीत. तुम्ही सांगितलं ते ॲल्युमिनियम आहे बाळा, जुना आठ आणे शोध, त्यात निकेल आहे. आठ वर्षांच्या पोरीला निकेल! पण सापडला की नाही?

आता न रागवता ऐका. दादाजवळ तुम्ही निरोप दिलात की येताना मशीन घेऊन ये, पन्हाळ्याखालच्या काकांच्या रानात फिरवू. नाही बाबा. पन्हाळा पुरातत्त्व खात्याचा, आता तर २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेलाय. आपलं रान आपलं असलं तरी जमिनीत दहा रुपयांवरचं काही निघालं तर कलेक्टरला कळवायचं, १८७८ चा कायदा अजून चालू आहे, आणि काकांच्या वाटणीचा विषय परत कशाला काढायचा. त्यापेक्षा आपण दोघं टाऊन हॉलच्या म्युझियमला जाऊ, ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेला तो ब्राँझचा रोमन समुद्रदेव परत बघू, वीतभर पण नाही तो, तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून मला ओतकाम समजावलेलं. रिक्षानं जायचं. स्कूटर अजिबात नाही, किल्ली दादाकडं दिलीय ना? द्या.

बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नाही. आई, गच्चीवर वाळवण घालायला तू चढायचं नाहीस, मावशींना सांग, त्यासाठीच त्यांचे पैसे वाढवलेत. बाथरूममधला पाय पुसायचा तो जुना तुकडा टाकून दे, मी रबराचं पाठवतेय. गरम पाण्याची पिशवी बदला, जुनीचं बूच गळतं.

आणि बाबा, कानातलं मशीन पेटीत ठेवू नका. ते लावत नाही म्हणून दादा ओरडतो, मी ओरडणार नाही. मी दादाच्या फोनवर तीन आवाज पाठवलेत, माझ्या मशीनचे, पाच-पाच सेकंदांचे. एक लोखंड, एक शिसं, एक ती अर्धी पेनी. उद्यमनगरात तुम्ही ओतलेल्या तुकड्यावर नुसता हातोडा टेकवून सांगायचात हे खणखणीत, हे बद्द, ह्याला आत तडा आहे, कधी चुकला नाहीत. ह्यातली चांदी कुठली ते सांगा. तिचा आवाज सगळ्यात बारीक आहे, कानातलं लावल्याशिवाय तुम्हाला ऐकूच येणार नाही. दादाला विचारायचं नाही, त्याला मी सांगितलेलंच नाही. रविवारी फोन करते तेव्हा उत्तर पाहिजे.

तुमची
बेबी