नाव एकच, कार्डे मात्र वेगळी

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या ग्राफिक्स कार्डांच्या, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील चित्रे घडवणाऱ्या भागाच्या, बातम्या नेमाने येतात आणि ॲनिमेशन, व्हिडिओ संपादन किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या अनेक घरांत त्या वाचूनच खरेदी ठरते. या बातम्यांतून दोन गोष्टी सातत्याने निसटतात, म्हणून हे पत्र. एकाच नावाखाली क्षमतेने वेगळी असलेली कार्डे विकली जातात, आणि ती बाजारात आणण्याची वेळ अशी साधली जाते की हा फरक तपासायला ग्राहकाला सवडच मिळू नये.

ग्राफिक्स चिपच्या एनव्हिडिया या कंपनीने २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० हे कार्ड ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन प्रकारांत आणले. खोक्यावरून फरक केवळ मेमरीचा वाटे, पण पहिल्यात १,२८० कोअर (चित्रासाठी आकडेमोड करणारे छोटे घटक) होते आणि दुसऱ्यात १,१५२. जीटी १०३० या स्वस्त कार्डाची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. ते २०१७ मध्ये जीडीडीआर५ या वेगवान मेमरीसह आले आणि पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ ही संथ मेमरी बसवून विकले गेले. दोन्हींत मेमरी २ जीबीच होती, परंतु ती वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ जीबीवर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशावर आला. स्पर्धक कंपनी एएमडीलाही यातून वगळता येत नाही, कारण २०१७ मध्ये आरएक्स ५६० याच नावाने १,०२४ आणि ८९६ शेडर (एएमडीच्या कार्डांतील कोअर) असलेली दोन्ही कार्डे विकली जात होती.

चिप तयार होताना तिचा काही भाग सदोष निघतो. तो बंद करून उरलेली चिप कमी किमतीला विकणे मला मुळीच गैर वाटत नाही, उलट त्यामुळेच मध्यमवर्गीय घरात चांगले कार्ड येऊ शकते. आक्षेप आहे तो नावाला. नाव बदलणे कंपन्यांना अशक्य नाही, हेही सिद्ध झाले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० ची १६ जीबी आणि १२ जीबी अशी दोन कार्डे जाहीर केली, ज्यांतील चिपच निराळ्या होत्या आणि कोअर अनुक्रमे ९,७२८ व ७,६८० होते. टीका इतकी झाली की ऑक्टोबरमध्ये १२ जीबीचे कार्ड मागे घेण्यात आले, आणि जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय या नावाने, ८९९ ऐवजी ७९९ डॉलरला विक्रीस आले. हे घडले, कारण घोषणा आणि विक्री यांच्यामध्ये लोकांना आकडे पाहायला वेळ मिळाला होता.

एप्रिल २०२५ मध्ये एनव्हिडियाचे ५०६० टीआय आले तेव्हा तसा वेळ मिळाला नाही. ८ जीबीचे कार्ड ३७९ डॉलर आणि १६ जीबीचे ४२९ डॉलर असे दर जाहीर झाले, परंतु कार्डांची चाचणी घेणाऱ्या परीक्षकांकडे आधी पोहोचली ती प्रामुख्याने १६ जीबीची कार्डे. पुढच्या महिन्यात ५०६० आले, तेव्हा बहुतेक परीक्षकांना आवश्यक ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) विक्री सुरू होईपर्यंत मिळालाच नाही. ८ जीबीचे कार्ड नेमके कुठे अडते हे पाहिले, म्हणजे या दिरंगाईची किंमत कळते. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने चालते. ती भरली की उरलेली माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून, मदरबोर्डवरील पीसीआयई या जोडणीच्या केवळ आठ लेनमधून (मार्गिकांतून) आणावी लागते आणि पीसीआयई ३.० या जुन्या आवृत्तीच्या बोर्डावर हा वेग सेकंदाला ८ जीबीच्याही किंचित खाली राहतो. म्हणजे जुन्या संगणकात फक्त कार्ड बदलणारा, जपून खर्च करणारा ग्राहकच यात सर्वाधिक भरडला जातो.

कंपन्यांनी एकमेकींवर नजर ठेवून तारखा ठरवण्याला माझी हरकत नाही. जुलै २०१९ मध्ये एनव्हिडियाने सुपर ही सुधारित कार्डांची मालिका पुढे केल्यावर एएमडीने विक्रीच्या दोन दिवस आधी आरएक्स ५७०० एक्सटीची किंमत ४४९ वरून ३९९ डॉलरवर आणली, आणि त्या चढाओढीत लाभ ग्राहकाचाच झाला. स्पर्धकाला गाठण्यासाठी साधलेली वेळ आणि परीक्षणाला टाळण्यासाठी साधलेली वेळ यांत मात्र फरक केलाच पाहिजे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. मेमरी, तिच्या बसची (मेमरी व चिप यांना जोडणाऱ्या मार्गाची) रुंदी आणि कोअरची संख्या या तीन गोष्टी खोक्याच्या दर्शनी भागावर ठळक छापण्याची सक्ती त्याच हक्काला धरून होईल. ती सरकारकडून होईल तेव्हा होवो. आपल्या हाती आहे ते इतकेच, की नव्या कार्डाची बातमी देताना प्रत्येक प्रकाराचे हे तीन आकडे वेगवेगळे द्यावेत, स्वतंत्र चाचणी झाली नसेल तर तसे पहिल्याच परिच्छेदात लिहावे, आणि डॉलरमधील दराला विनिमय दराने गुणून येणारी रक्कम भारतातील किंमत म्हणून छापू नये, कारण अमेरिकेतील त्या दरात विक्रीकर धरलेला नसतो आणि येथे १८ टक्के जीएसटी लागतो.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे