तलाव सुशोभित करा साहेब, पण एक काठ चिखलाचा राहू द्या : पर्यावरण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यावरण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

विषय : तलाव सुशोभीकरणाची कामं आणि हिवाळ्यात येणारे पक्षी

साहेब, नमस्कार.

विषय सरकारी पद्धतीने लिहिलाय, म्हणजे निदान कुठल्यातरी टेबलावर फाईल उघडेल. बाकी पत्र मात्र बोलतो तसंच लिहिणार आहे. मी शास्त्रज्ञ नाही की कुठल्या संस्थेचा पदाधिकारी नाही, थंडी पडली की गळ्यात बायनाक्युलर अडकवून जवळच्या तलावावर जाणारा साधा माणूस आहे, आणि आता अशी माणसं तालुक्यातालुक्याला झालीत, कुणी शिक्षक, कुणी वायरमन, कुणी मेडिकलचं दुकान उघडायच्या आधी तासभर तलावावर उभं राहून येणारा. आम्हा सगळ्यांना सध्या एकाच गोष्टीची धास्ती बसलीय, ती म्हणजे "तलाव सुशोभीकरण" असं लिहिलेला बोर्ड.

बोर्ड लागला की पुढचं आता पाठ झालंय. पहिलं जेसीबी येतं. काठावरचं पाणकणीस, लव्हाळं, बाभळी सगळं साफ. मग चारही बाजूंनी दगडी पिचिंग (म्हणजे काठाला दगडांचं अस्तर), त्याच्यावर काँक्रीट, त्याच्यावर पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, रेलिंग, रंगीत लाइट, मधोमध कारंजं आणि "आय लव्ह अमुकतमुक" असा सेल्फी पॉइंट. काही ठिकाणी सेल्फी पॉइंटला फायबरचा फ्लेमिंगो पण बसवतात, तो बाराही महिने तिथेच असतो, खरे मात्र येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल पाणी तर आहे तिथेच आहे, उलट गाळ काढून वाढलंय, मग पक्ष्यांचं बिघडलं काय? सगळी गोची इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिवाळी पक्ष्यांना नुसतं पाणी नको असतं, त्यांना पाहिजे असतं उथळ पाणी आणि ओला चिखल. छोटा टिलवा म्हणून एक पक्षी आहे, चिमणीएवढा, सायबेरियाच्या पार उत्तरेकडून येतो, त्याचे पाय एवढेसे, तो फक्त ओल्या चिखलावर नाहीतर बोटभर पाण्यात चोच मारू शकतो. चिखल्या नावाचा पक्षी पाण्यात सहसा शिरत नाही, चिखलावर चार पावलं पळतो, थांबतो, टिपतो, परत पळतो. तुतारी पक्षी घोट्याएवढ्या पाण्यात, शेकाट्या आणि पाणटिवळा लांब पायांमुळे वीतभर पाण्यात. बदकांमधले थापट्या, तलवार बदक, भुवई बदक वगैरे मंडळी शेपटी वर करून मान पोचेल एवढ्याच खोलीत खातात. म्हणजे काठापासून आत दहा-वीस पावलांत प्रत्येकाचा वेगवेगळा पट्टा असतो आणि उताराचा काठ असेल तरच हे सगळे पट्टे मिळतात. पिचिंग केलेल्या तलावात दगड संपला की थेट पुरुषभर पाणी. तिथे टिलव्याने उभं कुठे राहायचं?

थापट्यांचं खाणं तर एकदा बघाच साहेब. चाळीस-पन्नास बदकं पाण्यावर गोल गोल फिरत असतात, माना खाली, चोची पाण्यात, आणि प्रत्येक जण पुढच्याच्या शेपटीला चिकटून, कारण पुढच्याच्या पायांनी ढवळून जे काही किडे-बिया वर येतात ते मागचा गाळून खातो. चोच टोकाला रुंद असते आणि तिच्या कडेला बारीक दाते असतात, पाणी बाहेर, खाणं आत. फिरणारा घोळका हळूहळू सरकत सरकत बरोबर उथळ भागावरच राहतो, खोलीकडे गेला तर दोन मिनिटांत परत फिरतो. हे काठावर बसून कुणीही बघू शकतं, तिकीट नाही काही नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. आपले बहुतेक तलाव दिवाळीला तुडुंब असतात आणि मग रब्बीची आवर्तनं सुटतात तसं पाणी मागे हटत जातं, रोज थोडा नवा चिखल उघडा पडतो. त्याच जमिनीत शेतकरी गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करतात आणि त्याच ओल्या पट्ट्यात पक्षी पाण्याच्या मागे मागे सरकत जातात, डिसेंबरात एका टोकाला दिसणारा थवा फेब्रुवारीत पार दुसऱ्या टोकाला. उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला हे अगदी स्वच्छ दिसतं, पाणी उतरलं की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उथळ भागात पसरतात. पण बोटिंग सुरू केलेल्या तलावाला वर्षभर एकसारखी पातळी लागते, नाहीतर बोटी चिखलात रुततात. म्हणजे जे उघडं पडायला पाहिजे तेच उघडं पडत नाही.

आणि गाळ म्हणजे घाण, हे आपल्या सगळ्या डीपीआरमध्ये (कामाच्या सविस्तर प्रकल्प अहवालात) गृहीतच धरलेलं असतं. नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला शंभर वर्षांहून जुना बंधारा, त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, त्यातून बेटं झाली, दलदल झाली, आणि म्हणून तिथे एवढे पक्षी येतात की लोक त्याला, राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून, महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. २०२० मध्ये तो राज्यातला पहिला रामसर दर्जाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा, पाणथळ म्हणून जाहीर झाला, त्याच वर्षी लोणार, मग २०२२ मध्ये ठाणे खाडी. तिन्ही वेळा आपण अभिमानाने बातम्या दिल्या. गाळाने केलेल्या कामाचाच तो सन्मान होता, साहेब. (शेतकऱ्यांना गाळ मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये, तो शेतात गेलाच पाहिजे, पण उन्हाळ्यात, आणि धरणाच्या खोल भागातून.)

आता कायद्याचं. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, ते ज्या पाणथळ जागेला लागू आहेत तिच्या, गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीची जेट्टी सोडून कायमचं बांधकाम करायला बंदी आहे. वाचून बरं वाटतं. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मनोरंजनासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. मग महाराष्ट्रात उरतं काय हो? आपल्याकडे नैसर्गिक सरोवरं किती, लोणारसारखी मोजकीच. बाकी उजनी सिंचनाची, जायकवाडी सिंचनाची, तालुक्यातालुक्याचे पाझर तलाव, मालगुजारी तलाव, दुष्काळात खोदलेले तलाव, सगळे माणसाने बांधलेले. जायकवाडीला अभयारण्याचा दर्जा आहे म्हणून ते वाचलं, नांदूर मध्यमेश्वरही मुळात सिंचनाचाच बंधारा. पण ज्यांना कसलाच दर्जा नाही अशा लहान तलावांना विचारणारं कोणी नाही, आणि हिवाळी पक्षी तर याच सगळ्या तलावांवर विखुरलेले असतात. एका ठिकाणी कुत्री मागे लागली, फटाके वाजले, की थवा उठून शेजारच्या तलावावर जातो. शेजारचा तलावच उरला नाही तर एकट्या अभयारण्याने काय होणार. नवी मुंबईत बघा, ठाणे खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित आतल्या तळ्यांवर येऊन थांबतात, ती तळी बुजवली तर नुसती रामसरची पाटी वाचून त्यांचं पोट भरणार नाही.

राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाचं अध्यक्षपद त्याच नियमांनी मंत्र्यांकडे दिलंय, म्हणून हे पत्र तुम्हाला. केंद्राच्या नियमात बदल करणं तुमच्या हातात नाही हे कळतं. पण राज्याच्या पातळीवर एक साधा शासन निर्णय निघू शकतो, आणि मागणी फार मोठी नाहीये. तलाव लहान असो मोठा असो, गावाच्या बाजूचा काठ घ्या, तिथे ट्रॅक करा, बाकडी टाका, लाइट लावा, बायकांना-म्हाताऱ्यांना सुरक्षित फिरायला जागा पाहिजेच, त्याला विरोध करणारा मी कोण. पण समोरचा काठ मातीचा, उताराचा, गवताचा तसाच सोडा, तिकडे दिवे नकोत, कारंजं नको. आणि ऑक्टोबर ते मार्च पाण्याच्या काठावर जेसीबी चालणार नाही एवढी अट टेंडरमध्येच टाका. जलपर्णी काढायचीय तर जरूर काढा, ती तलावाचा गळा घोटते, पण तिच्याबरोबर पाणकणीस उपटू नका, जांभळ्या पाणकोंबडीचं आख्खं घर त्यात असतं, आणि ठेकेदाराला दोन्ही "झुडपं"च वाटतात.

माहिती नाही म्हणून अडलंय असंही नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर लोक रोज चेकलिस्ट टाकतात. देशभरातल्या सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवरून २०२३ मध्ये भारतातल्या ९४२ जातींचा आढावा निघाला. हे सगळं फुकट, लोकांनी स्वतःच्या पेट्रोलने जमवलेलं. पण सुशोभीकरणाचा डीपीआर करणारा सल्लागार ते उघडून बघतो का? त्या तलावावर कुठले पक्षी, कुठल्या काठाला, कुठल्या महिन्यात, हे एक पान डीपीआरला जोडल्याशिवाय मंजुरी नाही, असं करता येईल की नाही?

आमच्यातल्यांचं पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल फक्त सरकारला झोडतोय. थवा उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून रोहितांच्या अंगावर मोटरबोट घालायला लावणारे महाभाग आमच्यातच आहेत. कोणी ड्रोन उडवतं. तलावांवरच्या नावाड्यांना यातलं जास्त कळतं, ते लांबूनच इंजिन बंद करतात, पण गिऱ्हाईकच मागे लागलं तर त्यांनी काय करायचं. तिथे बोटीने किती अंतर ठेवायचं याचा नियम करा, आमची तक्रार नाही. आणि गणना नेमकी संक्रांतीच्या आसपास येते, बंदी असलेला नायलॉन मांजा तेव्हाही बाजारात मिळतोच, पाण्यावरच्या बाभळीत लटकलेला बगळा उतरवायला कोणाला फोन करायचा हेही तालुक्याला ठरलेलं नसतं.

५ ते १२ नोव्हेंबर आपण पक्षी सप्ताह साजरा करतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून, २०२० पासून, चांगली गोष्ट आहे. शाळांत चित्रकला स्पर्धा होतात, पोरं मन लावून बदकं काढतात. यंदा त्या आठवड्यात हा शासन निर्णय निघाला तर बरं होईल.

आणि जमलं तर जानेवारीतल्या गणनेला कुठल्याही तलावावर या. सकाळी साडेसहाला, सूर्य पाठीमागे राहील अशा बाजूला. गाड्यांचा ताफा बांधाच्या अलीकडेच थांबवावा लागेल, हार-तुरे नकोत, बायनाक्युलर आम्ही देऊ. फक्त पांढराशुभ्र कडक शर्ट नको साहेब, पक्ष्यांना लांबून दिसतो.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक