माझा नंबर लपवू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय पूर्ण होतच नाही. आईचा आवाज भरून येतो आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन बागेत निघून जातात. म्हणून लिहिते आहे. बाबा, आईला सावकाश वाचून दाखवा.

डोळ्यात लेन्स बसवून घ्यायचं मी ठरवलं आहे. नागपूरला धंतोलीत सगळ्या तपासण्या झाल्या. चष्म्याचा नंबर वर्षभर हललेला नाही. लेन्स बसायला डोळ्यात जागा पुरेशी आहे, डोळ्याच्या पुढच्या काचेतल्या पेशींची मोजणीही ठीक आली. आईने विचारलं होतं, शेजारच्या पोरीसारखं लेझर का नाही? लेझरमध्ये डोळ्याची पुढची पारदर्शक काच, कॉर्निया, घासून पातळ करतात. ती मुळातच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. नंबर जितका मोठा तितकं जास्त घासावं लागतं. माझ्या मायनस तेराला इतकं घासलं तर ती कमजोर होऊन पुढे फुगू शकते. म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लेझरला नाही म्हटलं, आणि मला ते पटलं.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मूळ भिंग काढून त्या जागी दुसरं बसवलं होतं. माझं भिंग आहे तिथेच राहणार. बुबुळाच्या मागे आणि त्या भिंगाच्या पुढे ही पातळ, मऊ लेन्स घडी करून सरकवतात, आत गेली की ती उलगडते. छेद तीनेक मिलिमीटरचा, टाका नाही. लेन्स आणि माझं भिंग यांच्यात साधारण अर्धा मिलिमीटर अंतर राहावं लागतं. कमी पडलं तर लवकर मोतीबिंदू होऊ शकतो, जास्त झालं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. म्हणूनच इतकी मोजमापं घेतली. अमेरिकेत या लेन्सला २००५ मध्ये मान्यता मिळाली. आता वापरतात तिच्या मधोमध बारीक छिद्र असतं, त्यातून डोळ्यातलं पाणी वाहतं राहतं. ती तिथे २०२२ मध्ये मान्य झाली. आधीच्या लेन्ससाठी बुबुळालाच लेझरने भोक पाडावं लागायचं. काही बिघडलंच तर लेन्स काढता येते. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील, बहुतेकांची ती हळूहळू कमी होतात.

आई, एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळायला हवी. ही लेन्स कोलामर नावाच्या मऊ पदार्थाची असते आणि त्यात अगदी किंचित डुकराचं कोलॅजन असतं. तू माळकरी आहेस. मी रात्रभर विचार केला आणि मला ते चालेल असं ठरवलं. तुला वाईट वाटलं तर मला बोल, पण मनात ठेवू नकोस.

आता मुख्य मुद्दा, लग्नाच्या स्थळांचा. मावशीकडून कळलं, तू तिला म्हणालीस, 'चष्मा गेल्यावर सांगायचं काहून?' आई, चष्मा जाईल पण डोळा तोच राहील. साधारण माणसाचा डोळा २४ मिलिमीटर लांब असतो, माझा २८ आहे. त्या लांबीमुळेच नंबर आहे आणि लेन्सने लांबी कमी होत नाही. लांबलेल्या डोळ्यात मागचा पडदा ताणला जातो. माझा कडेला दोन ठिकाणी जुन्या लुगड्यासारखा विरलेला निघाला. गेल्या महिन्यात तिथे लेझर करून घेतलं. हनुवटी पट्टीवर टेकवून बसले होते, डोळ्याला जाड काच लावलेली. हिरवे झोत एकामागून एक येत होते आणि मधूनच एखादा आत खोलवर टोचल्यासारखा लागायचा. खाली उतरले तेव्हा धंतोलीचा सगळा रस्ता थोडा वेळ गुलाबी दिसत होता. पडद्याची तपासणी दर वर्षी करावीच लागेल, लेन्स बसल्यावरही. कधी डोळ्यात विजा चमकल्यासारखं झालं, एकदम काळे ठिपके तरंगायला लागले किंवा कडेने सावली सरकली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. माझ्या घरात जो कोणी असेल त्याला हे माहीत असायलाच हवं. आणि मोठा नंबर मुलांकडेही जाऊ शकतो. हे लग्नानंतर कुणाला कळावं, हे मला मान्य नाही.

मी हे स्थळांसाठी करत नाहीये. चष्मा काढला की आठ सेंटिमीटरच्या पलीकडचं मला स्पष्ट दिसत नाही. सकाळी उशाशी चाचपडत चष्मा शोधावा लागतो. रूमवर एकटीच असते, रात्री काही झालं आणि चष्मा हाताशी नसला तर दार कुठे हेही धड दिसणार नाही. मे महिन्यात गाडीवरून ऑफिसला जाताना कॉन्टॅक्ट लेन्स कोरड्या पडून डोळे लाल होतात. यातून मला सुटायचं आहे. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेलच, तो मी आनंदाने लावीन.

बाबा, खर्च लाखाच्या वर आहे, पण बागेतल्या फळांचा आंबिया बहार झाडावरच विकायची घाई करू नका. माझी बचत आहे. शिवाय आरोग्य विम्यात नंबरचा उपचार वगळतात तो साडेसातच्या आतला, माझा त्याच्या बराच वर आहे. कंपनीला लेखी विचारलं आहे. उत्तर नाही आलं तरी माझं भागतं.

दिवाळीनंतरची तारीख घेते. आधी एक डोळा, मग दुसरा. सुरुवातीला डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धूळ-धूर टाळायचा, दिवसातून अनेकदा ड्रॉप. आई, तेवढे दिवस तू इकडे ये. बाबांच्या जेवणाचं काकूंशी बोलले आहे.

आणि बायोडाटा तू मावशीकडे दिला आहेस, तो परत माग. त्यात 'चष्मा नाही' असं लिहिलंय ते खोड आणि लिही: उजवा मायनस तेरा, डावा मायनस साडेबारा, लेन्सचं ऑपरेशन ठरलेलं, दर वर्षी पडद्याची तपासणी. हे वाचून ज्यांचा फोन येईल त्यांना मी भेटेन.

तुमची,
मनू