रीफर कंटेनरच्या वीजजोडणीची नोंद हवी

संपादक महोदय,

निर्यातीची फळे खराब झाली की दोष जहाजाच्या लांबलेल्या प्रवासाला दिला जातो. पण पुष्कळदा माल बंदराच्या आवारातच बिघडतो. रीफर कंटेनरची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या शीतपेटीची, वीजजोडणी तुटली की आतली थंडी ओसरू लागते, आणि तोडलेले फळही श्वसन करत असल्याने स्वतः उष्णता सोडत राहते. मुळात हा कंटेनर तापमान टिकवण्यासाठी असतो, गरम माल गार करण्यासाठी नव्हे. द्राक्षांना ० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी मानवते, तर केळ्यांची साल १३ अंशांखाली काळवंडू लागते. म्हणून तपासणीसाठी दार उघडायचेच असेल, तर ते शीतगृहाला जोडलेल्या धक्क्यावर उघडावे आणि प्रत्येक कंटेनरची वीज तोडल्या-जोडल्याची वेळ बंदराने निर्यातदाराला कळवावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक